खणाच्या मागची बाजू : अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे जुने लाकूडकाम

मंगळवार, प्लिमथ

बोस्टनहून दक्षिणेला मोटारीने तासाभरात प्लिमथ येते. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेले इंग्रज येथे वसले, त्यामुळे येणारे बहुतेक लोक किनाऱ्यावरचा तो प्रसिद्ध खडक आणि जहाजाची प्रतिकृती पाहून परततात. आम्ही मात्र थेट पिलग्रिम हॉल म्युझियम गाठले. बोस्टनमध्ये राहणाऱ्या भाचीने गाडी चालवायची आणि मी म्हणेन तेथे थांबायचे, असा आमचा करार होता. मला पाहायचे होते ते या किनाऱ्यावरचे सतराव्या आणि अठराव्या शतकांतले लाकडी सामान, आणि तेही शक्य तितके आतून, खालून व मागून. दर्शनी बाजूवर गिऱ्हाइकाची ऐपत आणि आवड दिसते. ते कोणत्या गावच्या कारागिराने, कोणत्या हत्याराने आणि लाकडाची किती जाण ठेवून केले, हे समजण्यासाठी खणाचा तळ आणि कपाटाची पाठ पाहावी लागते.

१८२४ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या या संग्रहालयात वसाहतीचे धर्मनेते विल्यम ब्रूस्टर यांची म्हणून ओळखली जाणारी खुर्ची आहे. ती सुताराची नसून कातार्‍याची आहे. जाड उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या आणि पाठीत, हातांखाली व बैठकीखालीही कातलेल्या बारीक काड्यांच्या रांगा, असे तिचे रूप आहे. अशा खुर्चीचा सांधा म्हणजे खांबातले एक गोल भोक आणि त्यात ठोकलेले दांडीचे गोल टोक, एवढेच. तो शतकानुशतके टिकण्याचे रहस्य ओलाव्यात आहे. खांब थोडे ओले असतानाच भोके पाडायची आणि दांड्या मात्र पूर्ण वाळवून घ्यायच्या. मग दांडीचे टोक खांबातला ओलावा पिऊन फुगते, खांब वाळताना भोक आवळत जाते आणि दोन्ही लाकडे एकमेकांना धरून बसतात.

या खुर्चीच्या जातीचीच एक प्रसिद्ध लबाडी आहे. ऱ्होड आयलंडचे शिल्पकार आर्मंड लामोंटेन यांनी १९६९ मध्ये ब्रूस्टर धाटणीची एक खुर्ची बनवली, तिची पद्धतशीर मोडतोड करून ती जुनी भासवली, आणि हातोहात फिरत ती १९७० मध्ये मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड म्युझियमने नऊ हजार डॉलरांना घेतली. तज्ज्ञांची परीक्षा घेणे हाच त्यांचा हेतू असल्याने त्यांनी भोके मुद्दाम आधुनिक गिरमिटाने पाडली होती. जुने गिरमिट चमच्याच्या आकाराचे असे आणि त्याच्या भोकाचा तळ गोलसर राही. नव्या गिरमिटाच्या मधल्या टोकाची खूण तळाशी उमटते. ही गोष्ट १९७७ मध्ये उघडकीस आली आणि क्ष-किरणांनी ती खूण दाखवली. संग्रहालयाने खुर्ची फेकून न देता शिकवण्यासाठी ठेवली, हे मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते.

सतराव्या शतकातल्या ओकच्या पेट्या पाहण्यात उरलेली दुपार गेली. त्यांच्या फळ्या करवतीने कापलेल्या नाहीत, तर ओल्या ओंडक्याच्या पाचरी घालून, केंद्रापासून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने चिरलेल्या आहेत. अशी चिरलेली फळी वाकत नाही आणि फारशी आकसतही नाही. चौकटीच्या एका लाकडात चौकोनी छिद्र, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारी जीभ, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी, अशी ही जोडणी आहे. जिभेतले भोक जाणूनबुजून किंचित आत सरकवून पाडलेले असते, त्यामुळे खुंटी ठोकली की ती सांधा आपोआप ओढून घट्ट करते आणि सरसाची गरजच उरत नाही. मधली पातळ फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडलेली असते. तिला कोठेही चिकटवलेले नसल्यामुळे ती पावसाळ्यात फुगली आणि हिवाळ्यात आकसली तरी पेटीला तडा जात नाही.

बुधवार, बोस्टन

बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सचा अमेरिकेसाठीचा स्वतंत्र विभाग २०१० मध्ये उघडला. त्याच्या दालनांत सामान, चांदी आणि चित्रे वेगवेगळी न ठेवता एकत्र मांडली आहेत, त्यामुळे चित्रातला व्यापारी आणि त्याच्या घरातले कपाट एकाच वेळी दिसते. अठराव्या शतकातला चित्रकार कॉपली याची व्यक्तिचित्रे मी भाचीच्या हवाली केली आणि खुर्च्यांच्या पायांकडे वळलो.

सतराव्या शतकाच्या शेवटी या कामात मोठा बदल झाला. चौकट आणि खुंटी यांची जड पेटी मागे पडली. त्याऐवजी रुंद, पातळ फळ्या कोपऱ्यांवर डव्हटेलने, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या सांध्याने, जोडून हलके खोके करायचे आणि त्यावर अक्रोडासारख्या सुंदर लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवायचा, ही पद्धत इंग्लंडमधून आली. डव्हटेलचे दात एका बाजूला रुंदावत जातात, म्हणून खण कितीही जोराने ओढला तरी त्याचे तोंड सुटून हातात येत नाही. दर्शनी फळीत दात अर्ध्यापर्यंतच रुतवतात, म्हणजे समोरून सांधा दिसत नाही. किंचित उघड्या खणाच्या कडेला दिव्याचा तिरपा प्रकाश पडला होता. तेथे खतावणीने, म्हणजे सुताराच्या रेघ आखायच्या हत्याराने, मारलेली सरळ रेघ अजून स्पष्ट होती. हाताने दात कापणारा कारागीर त्या रेघेपर्यंत करवत आणून थांबे, आणि घाईत असेल तर थोडा पुढेही जाई.

बोस्टनची खास ओळख म्हणजे फुगीर पोटाची कपाटे. डर्बी या सेलमच्या धनाढ्य जहाजमालकाच्या घराण्यासाठी केलेले असे एक दुमजली कपाट येथे आहे, आणि ते आपण बोस्टनच्या मिडल स्ट्रीटवर १७८२ साली केले असे जॉन कॉग्सवेल याने त्यावर लिहून ठेवले आहे. ही फुगवटी वाफेने वाकवलेली किंवा तुकडे चिकटवून केलेली नाही. महोगनीची अत्यंत जाड फळी घ्यायची आणि तिला बाहेरून व आतून कोरत जाऊन बाक आणायचा, म्हणजे जहाजातून आणलेल्या महाग लाकडाचा बराचसा भाग कचऱ्यात घालायचा. सुरुवातीच्या कपाटांत खण आतून सरळच असत आणि फुगवटी रिकामी राही. पुढे खणाच्या बाजूही त्याच बाकात कापू लागले. वाकड्या बाजूवर डव्हटेल कापणे किती कठीण आहे, हे ज्याने सरळ फळीवरही एकदा तरी प्रयत्न केला असेल त्याला सांगायला नको. देखणेपणात मला ही कपाटे थोडी बोजड वाटतात, पण त्या खणांपुढे ती तक्रार टिकत नाही.

गोल चहाच्या मेजांपाशी एक गमतीची परीक्षा करता येते. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने मात्र आकसते. त्यामुळे अडीचशे वर्षांपूर्वी कातून अचूक गोल केलेला मेजाचा माथा आज मोजला तर किंचित लंबगोल भरतो. जुना म्हणून विकायला आलेला माथा दोन्ही दिशांनी तंतोतंत सारखा भरला तर संशय घ्यावा. रक्षकाच्या नजरेसमोर टेप काढण्याची माझी हिंमत झाली नाही, पण डोळ्यांनाही फरक कळतो.

जाता जाता सेलमच्या सॅम्युअल मॅकिन्टायर याचे कोरीवकाम पाहिले. त्याच्या काळी, १८०० च्या आसपास, सेलमची जहाजे मुंबई-कलकत्त्यापर्यंत व्यापार करत, आणि त्याच पैशातून त्याच्या फळांच्या परड्या आणि धान्याच्या ओंब्या कोरल्या गेल्या.

गुरुवार, डिअरफील्ड

कनेटिकट नदीच्या खोऱ्यातले डिअरफील्ड म्हणजे एकच लांब रस्ता आणि दुतर्फा अठराव्या शतकातली घरे. २९ फेब्रुवारी १७०४ च्या पहाटे फ्रेंच आणि त्यांचे मूलनिवासी मित्र यांनी या गावावर हल्ला केला होता. त्या हल्ल्यात कुऱ्हाडीने भोक पाडलेले एक दार येथील मेमोरियल हॉल म्युझियममध्ये जपलेले आहे. लाकूडकाम पाहायला आलेल्याने तेही बघावेच, कारण दोन थरांच्या फळ्या एकमेकींना आडव्या ठेवून दाट खिळ्यांनी जोडल्यामुळेच ते दार सबंध फुटले नाही.

या खोऱ्यात साधारण १६८० ते १७३० या काळात हॅडली पेट्या नावाने ओळखली जाणारी पेट्यांची एक जात निर्माण झाली. वरून उघडणारे झाकण, खाली एक, दोन किंवा तीन खण, आणि समोरच्या प्रत्येक इंचावर ट्यूलिपचे फूल व वळलेले पान यांचे उथळ कोरीवकाम, अशी ती असते. कोरीवकाम पटाशीने भोवतालची जमीन खाली घेऊन केलेले आहे; फूल वर उठवलेले नाही. नमुना बहुधा पातळ फळीच्या साच्याने उतरवत, म्हणून वेगवेगळ्या गावांतल्या पेट्यांवर तेच पान भेटते, कधी उलटे करून, कधी जागेला बसत नाही म्हणून अर्धेच कापून. बारकाईने पाहिले तर काही ठिकाणी पटाशी घसरलेली दिसते. दरबारी कौशल्याचे हे काम नव्हे, आणि मला ते त्यामुळेच आवडते. रिकामी जागा सोडायचीच नाही हा त्यातला हट्ट खेडेगावच्या उत्साहाचा आहे.

त्यांचे खणही आजच्यासारखे तळावर सरकत नाहीत. खणाच्या दोन्ही जाड बाजूंना मध्यभागी एक लांब खाच पाडलेली असते आणि पेटीच्या आतल्या खांबांना बसवलेल्या पट्ट्यांवर खण त्या खाचांच्या आधाराने लटकतो. झिजून झिजून पट्टी पातळ झाली की खण पुढे झुकतो. फ्लिंट सेंटर या इमारतीच्या वरच्या मजल्यावर काचेआड भांडारच उघडे ठेवले आहे. तेथे वस्तू दाटीने असल्या तरी बाजू आणि पाठी दिसतात, म्हणून सजवलेल्या खोल्यांपेक्षा मी तेथे जास्त रमलो. समोर ओक असलेल्या पेटीची पाठ आणि झाकण पाइनचे आहे हे तेथे सहज समजते.

अनेक पेट्यांच्या मधल्या फळीवर दोन अक्षरे कोरलेली आहेत. ती बहुतेक मुलींच्या माहेरच्या नावांची आद्याक्षरे आहेत. घर, जमीन आणि गुरे मुलांकडे जात. मुलीच्या वाट्याला जे येई ते पेटीत मावणारे असे, आणि लग्नानंतर तेही कायद्याने नवऱ्याचे होई. भाची त्या अक्षरांपाशी बराच वेळ थांबली. "मामा, आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायचे ते सासरचे की माहेरचे?" तिने विचारले. दोन्ही घालतात, पण आजीच्या पातेल्यावर माहेरचे होते, असे मी सांगितले. याच खोऱ्यातल्या हॅना बार्नार्ड नावाच्या मुलीचे संपूर्ण नाव ठळक अक्षरांत रंगवलेले एक कपाट आज हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. तिचे लग्न १७१५ मध्ये झाले, १७१७ मध्ये ती वारली, आणि कपाट तिच्या मुलीकडे गेले. नवऱ्याचे आडनाव त्या कपाटावर कधीच आले नाही.

शुक्रवार, हॅनकॉक

बर्कशायरच्या टेकड्यांत, पिट्सफील्डजवळ, हॅनकॉक शेकर व्हिलेज आहे. शेकर हा ब्रह्मचर्य पाळणारा, सामुदायिक मालमत्तेवर राहणारा ख्रिस्ती पंथ. त्याच्या प्रवर्तक ॲन ली १७७४ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आल्या. येथील वस्ती १९६० मध्ये संपली आणि तिचे संग्रहालय झाले. १८२६ चा गोल दगडी गोठा पाहायला गर्दी असते, आणि तो खरोखरच सुंदर आहे, पण आम्हांला १८३० सालचे विटांचे निवासगृह जास्त मोलाचे वाटले.

त्या घरात सामान भिंतीत मुरलेले आहे. कपाटे आणि खण पाइन व बटरनटच्या लाकडात भिंतीतच बांधून काढले आहेत, आणि सर्व मजल्यांवरचे मिळून खण साडेतीनशेहून अधिक आहेत. सुमारे शंभर माणसे एकत्र राहत असलेल्या घरात प्रत्येक वस्तूला जागा हवी आणि कपाटाखाली धूळ साचायला जागा नको, या दोन गरजांतून हे बांधकाम निघाले. भिंतीभर फिरणाऱ्या पट्टीवर कातलेल्या खुंट्या आहेत. झाडताना खुर्च्या त्यांवर टांगून ठेवत. १८४५ च्या त्यांच्या नियमांत केवळ शोभेसाठी गोलची, कंगोरे आणि कॉर्निस करू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे, आणि पलंग हिरवे रंगवावेत असेही. साधेपणाचे आज जे कौतुक चालते त्यात हा हिरवा रंग सोयीस्करपणे विसरला जातो. शेकरांचे बरेच सामान पिवळे, लाल, निळे रंगवलेले होते आणि नंतरच्या हौशी मालकांनी ते खरवडून लाकूड उघडे केले.

शेकरांच्या लंबगोल डब्यांची जोडणी मात्र तपशिलाने सांगायला हवी. मेपलची पातळ पट्टी गरम पाण्यात मऊ करून साच्याभोवती गुंडाळतात. तिचे टोक सरळ न ठेवता त्याला पानासारख्या निमुळत्या बोटांचा आकार देतात आणि तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ती बोटे बसवतात. सरळ रुंद टोक खिळ्यांनी जखडले असते तर हवामान बदलताच लाकूड उचलले किंवा फाटले असते. बोटे अरुंद असल्यामुळे प्रत्येकाची हालचाल थोडी राहते. तांबे अशासाठी, की लोखंड गंजून मेपलवर काळा डाग पाडते. खुर्चीच्या मागच्या पायांत ते लाकडी गोळी बसवत, म्हणजे मागे रेलले तरी पायाची कड जमिनीत रुतत नसे. १८५२ मध्ये याच कल्पनेच्या धातूच्या रूपाला पेटंट मिळाले.

गोल करवतीचा शोध शेकर स्त्री टॅबिथा बॅबिट हिने १८१३ मध्ये लावला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. इंग्लंडमध्ये अशा करवतीचे पेटंट १७७७ मध्येच दिले गेले होते, त्यामुळे कथा मला पटत नाही. तिचा उपयोग वेगळाच आहे: कपाटाच्या पाठीवर कमानीसारख्या वक्र रेघा दिसल्या तर ती फळी गोल करवतीवर कापलेली, म्हणजे बहुधा १८३० नंतरची, सरळ रेघा असतील तर उभ्या करवतीची, आणि हाताला लहरी लागल्या तर रंध्याने काढलेली. फक्त या खुणांवरून निकाल देता येत नाही, पण सुरुवात येथून करावी.

शनिवार, न्यूपोर्ट

ज्या गावासाठी हा सारा प्रवास आखला ते गाव न्यूपोर्ट. पर्यटक येथे धनिकांचे समुद्रकाठचे महाल पाहायला येतात. त्या महालांकडे न जाता आम्ही बंदराजवळच्या ईस्टन्स पॉइंट या भागात फिरलो. अठराव्या शतकात टाउनसेंड आणि गॉडर्ड ही एकमेकांत सोयरीक असलेली, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची कुटुंबे याच गल्ल्यांत राहत आणि काम करत. बाप, मुलगा, जावई, पुतण्या असे अनेक कारागीर दोन-तीन पिढ्यांत या दोन घरांतून निघाले. शतकाच्या मध्यावर बांधलेल्या हंटर हाउसमध्ये त्यांचे सामान आहे.

त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे तीन पट्ट्यांत विभागलेली दर्शनी बाजू: दोन बाजूंच्या पट्ट्या पुढे आलेल्या, मधली आत गेलेली, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक कोरीव शिंपला, बाजूंचे उठावाचे व मधला खोलगट. खोलगट शिंपला खणाच्या जाड फळीतच कोरावा लागतो. उठावाचे शिंपले मात्र अनेक नगांत वेगळे कोरून सरसाने बसवलेले असतात. ते इतके बेमालूम असतात की लाकडाचे तंतू जुळतात की नाही हे पाहिल्याशिवाय कळत नाही. पुढे-मागे होणारी ही लाट वरच्या कंगोऱ्यापासून खालच्या पायापर्यंत अखंड जाते. बोस्टनमध्येही अशी पट्टेदार कपाटे होत, आणि ती आधी होत, पण शिंपल्यांनी त्या लाटेला डोके देण्याची युक्ती न्यूपोर्टचीच.

मला भारावून टाकले ते आतल्या कामाने. जॉन टाउनसेंड (१७३३–१८०९) याच्या कपाटांतले डव्हटेल इतके बारीक आणि सारखे आहेत की कोणी बघणार नाही अशा जागीही त्याने हात ढिला सोडलेला नाही. खणांच्या मागे तो ए, बी, सी अशी अक्षरे लिही, म्हणजे कोणता खण कोठला हे कळे. आतले लाकूड म्हणून येथे चेस्टनट आणि ट्यूलिप पॉप्लर वापरत, बोस्टनमध्ये पांढरा पाइन. एवढ्या एका गोष्टीवरून कपाटाचे गाव ओळखण्यास मोठी मदत होते. ज्या चेस्टनटच्या फळ्या त्यांना सहज मिळत ते झाड अमेरिकेच्या जंगलांतून जवळजवळ नाहीसे झाले, कारण १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम दिसलेल्या बुरशीने ते अब्जावधींनी मारले. उंच कपाटांचे बाकदार पाय खोक्याला कायमचे न जोडता काढता येतील असे करण्याची पद्धतही न्यूपोर्टमध्ये होती. जहाजावर चढवायला ते सोपे जाई, आणि येथले बरेच सामान निर्यातीसाठीच होत असे.

जहाजांचा विषय निघाला की दुसरी बाजूही लिहावी लागते. गुलामांच्या व्यापारात अमेरिकन वसाहतींपैकी ऱ्होड आयलंडच्या व्यापाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. येथे गाळलेली रम आफ्रिकेला, तेथून माणसे कॅरिबियन बेटांना, आणि परतीच्या जहाजांत काकवी व महोगनी, असा हा फेरा होता. जमैकातली आणि होंडुरासच्या किनाऱ्यावरची ही महोगनीची झाडे तोडणारेही गुलामच होते. हंटर हाउसमधल्या तकतकीत मेजासमोर उभे राहून भाची म्हणाली, "इतक्या शांत माणसांनी केलेले सामान, आणि लाकूड असे आलेले." त्यावर मला उत्तर सुचले नाही. प्रॉव्हिडन्सच्या निकोलस ब्राउन या व्यापाऱ्यासाठी न्यूपोर्टमध्ये केलेले शिंपल्यांचे लेखनकपाट १९८९ च्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरांना गेले. सामानाच्या कोणत्याही नगाला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

रविवार, हार्टफर्ड

आजचा दिवस मुख्यतः रस्त्याचा. फिलाडेल्फियाची वाट थोडी वाकडी करून हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ ॲथेनियममध्ये तासभर घालवला. कनेटिकटच्या कारागिरांना आयात महोगनीपेक्षा स्थानिक चेरी जवळची होती. त्यांच्यातला एलिफलेट चेपिन तरुणपणी फिलाडेल्फियात काम करून परतला, आणि त्याच्या खुर्च्यांत बाजूच्या पट्टीची जीभ मागच्या पायातून आरपार जाऊन पाठीमागे दिसते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे आतापर्यंत पाहिलेल्या या ईशान्येच्या भागात, ही रीत नव्हती. ती फिलाडेल्फियाची खूण होती. समोरून खुर्ची कनेटिकटची वाटते आणि मागे वळवली की कारागिराने काम कोठे शिकले ते समजते.

सोमवार, फिलाडेल्फिया

सकाळी इंडिपेन्डन्स हॉल. ज्या सभागृहात १७७६ चा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना संमत झाली तेथे अध्यक्षांची महोगनीची उंच खुर्ची आहे. ती जॉन फॉलवेल याने १७७९ मध्ये केली, आणि तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. तो उगवता आहे की मावळता, या फ्रँकलिन यांच्या प्रश्नामुळे तिच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. माझे लक्ष प्रतिनिधींच्या विंडसर खुर्च्यांकडे होते. या इमारतीला अशा खुर्च्या पुरवणाऱ्यांत फ्रान्सिस ट्रंबल हा फिलाडेल्फियाचा कारागीर होता.

विंडसर खुर्चीत सगळा भार बैठकीच्या जाड फळीवर असतो. पाय खालून आणि पाठीच्या काड्या वरून तिच्यात रोवलेल्या असतात. चांगली विंडसर तीन-चार लाकडांची असते. बैठक पॉप्लरची किंवा पाइनची, कारण ती वाकसाने खोलगट करायला मऊ हवी. पाय मेपलचे, कारण मेपल कातताना तुटत नाही. पाठीची कमान आणि काड्या हिकरीच्या किंवा ओकच्या, कारण त्या ओल्या लाकडातून चिरून काढल्या तर वाफेवर वाकतात आणि पाठीचा भार स्प्रिंगसारखा पेलतात. पायांची निमुळती टोके बैठकीच्या वरपर्यंत आणून त्यांत वरून पाचर ठोकतात. पाचर बैठकीच्या तंतूंना आडवी बसवायची, नाहीतर बैठकच चिरते. इतकी लाकडे एकत्र आली की खुर्ची चट्ट्यापट्ट्यांची दिसते, म्हणून ती रंगवत, बहुधा हिरवी. आज पॉलिश करून विकली जाणारी विंडसर पाहिली की मला वाईट वाटते.

दुपारी फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमध्ये याच्या अगदी उलट टोक पाहिले. जॉन कॅडवालेडर या श्रीमंताने १७७० च्या सुमारास आपल्या घरासाठी करवून घेतलेले सामान अमेरिकन कोरीवकामाचा कळस मानतात. मुख्य कारागीर स्कॉटलंडहून आलेला टॉमस ॲफ्लेक, आणि कोरीवकाम वेगळ्या कुशल हातांचे. खुर्च्यांचे पाय केसाळ पंजांचे आहेत. त्यांतली एक खुर्ची १९८७ मध्ये २७ लाख ५० हजार डॉलरांना विकली गेली. फिलाडेल्फियाच्या सुतारांनी १७७२ मध्ये दरपत्रक छापले होते आणि त्याची प्रत याच संग्रहालयाकडे आहे. साध्या पायाचा एक दर, चेंडू धरलेल्या पंजाच्या आकाराच्या पायाचा वेगळा, गुडघ्यावर पाने कोरायची तर आणखी, आणि हाताखालच्या कामगाराला किती द्यायचे तेही ठरलेले. कलावंताच्या प्रतिभेविषयी जे बोलले जाते त्यापेक्षा या दरपत्रकाने मला त्या कामाची घडण अधिक समजावली, कारण गिऱ्हाईक पाने विकत घेत होते तसेच ती न घेण्याचे स्वातंत्र्यही त्याला होते. उंच कपाटांच्या आत येथे पॉप्लर आणि खणांच्या तळाला हलका पांढरा सीडर असतो.

मंगळवार, विंटरथर

डेलावेअरमधले विंटरथर हे हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांचे घर. १९५१ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. १७५ खोल्या आणि जवळजवळ नव्वद हजार वस्तू असल्या तरी पाहणाऱ्यांच्या लहान तुकड्या करतात, त्यामुळे रेटारेटी होत नाही. आमच्या वाटाड्या बाईंनी हातमोजे घालून एक खण बाहेर ओढला आणि पालथा धरला. तळाच्या फळीवर जाड रंध्याचे चर होते, कडेला हाताने कापलेले दात, आणि सरसाने लावलेले छोटे ठोकळे. समोरचा चकचकीतपणा तेथे औषधालाही नव्हता. ज्या जागी हात लागत नाही तेथे रंधा एकदाच फिरवायचा, हा आळस नव्हे; मजुरी ज्याच्या खिशातून जाते त्याने केलेला हिशेब आहे.

येथे जुन्या वस्तूंच्या जतनाचे पदव्युत्तर शिक्षण डेलावेअर विद्यापीठाबरोबर दिले जाते. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाश टाकला की लाखेचे पॉलिश नारिंगी उजळते, असे बाईंनी सांगितले. अठराव्या शतकात जवसाचे तेल, मेण आणि राळेची व्हार्निशे जास्त चालत. लाखेचे फ्रेंच पॉलिश एकोणिसाव्या शतकात पसरले. ती लाख बहुतेक भारताच्या जंगलांतून, कलकत्त्याच्या बंदरातून जाई. १७६० च्या कपाटावर नारिंगी उजेड दिसला तर ते नकली ठरत नाही. पुढच्या पिढीने पॉलिश बदलले एवढेच कळते.

सर्वांत जास्त वेळ डॉमिनी कुटुंबाच्या हत्यारांपाशी गेला. लाँग आयलंडच्या ईस्ट हॅम्प्टनमध्ये नॅथॅनिएल डॉमिनी, त्याचा त्याच नावाचा मुलगा आणि नातू फेलिक्स यांनी अठराव्या शतकाच्या मध्यापासून घड्याळे आणि सामान केले. रंधे, पटाश्या, करवती, कातकामाचे मोठे चाक, खुर्चीच्या भागांचे लाकडी साचे, आणि कोणाला काय किती पैशांना दिले याच्या वह्या, असे सगळे एकाच घरातले येथे आहे. हे लोक न्यूपोर्टच्या तोडीचे नव्हते. गावाला खुर्ची हवी तर खुर्ची करत, चाक दुरुस्त करायचे तर तेही करत, आणि शेतीही बघत. कारखान्यांचे स्वस्त सामान येऊ लागल्यावर फेलिक्सचे काम आटले, आणि १८३५ मध्ये तो फायर आयलंडच्या दीपगृहाचा रखवालदार म्हणून निघून गेला. हत्यारे दुकानातच राहिली. धंदा चालू राहिला असता तर ती झिजली असती, बदलली असती, विकली गेली असती. बंद पडल्यामुळे ती एकत्र राहिली, आणि १९५७ मध्ये विंटरथरने ती घेतली तेव्हा साचे, वह्या आणि घरोघरी उरलेल्या खुर्च्या एकमेकांशी ताडून पाहता आल्या.